गति कोठें अडली?
(नभोवाणीवरील भाषण)

आगगाड्यांच्या जुन्या काळीं भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनावर रात्रीं जागा असलेल्या उतारूला एक आवाज हमखास ऐकूं येई. गाडी येऊन उभी राहिली कीं लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक मनुष्य डब्यांच्या कडेकडेनें चालूं लागे आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारीत पुढें जाई. चाक धड असलें तर घंटेसारखा स्वच्छ नाद निघे. त्यास कोठें तडा गेला असला तर आवाज बसका येई. ह्या मनुष्याजवळ ना दुर्बीण असे, ना वजनकांटा. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें तो कानानें शोधीत असे, आणि त्याच्या ठोक्यावर शेंकडों झोपलेल्या माणसांचा जीव अवलंबून असे.

आज मला बोलावयाचें आहे तें ह्याच विद्येविषयीं. यंत्राचें पोट भरलेलें आहे, त्यांत शक्ति निर्माण होत आहे, परंतु काम मात्र होत नाहीं. अशा वेळीं गति वाटेंत कोठें अडली हें हुडकून काढण्याची ही विद्या. शक्ति उत्पन्न करणें निराळें आणि ती कामाच्या ठिकाणापर्यंत नेऊन पोहोंचविणें निराळें. आपल्या शेतकऱ्याला हें शतकानुशतकें ठाऊक होतें. मोटेचा नाडा चाकावरून उतरला म्हणजे बैल कितीहि बळकट असोत, थारोळ्यांत पाण्याचा एक थेंबहि पडत नाहीं. तेव्हां शहाणा शेतकरी बैलांना चाबूक मारीत नाहीं. तो त्यांना थांबवितो, विहिरीच्या कांठावर येतो आणि नाडा पाहतो. यंत्रयुगांतील दोष शोधण्याची सगळी पद्धति ह्या एका कृतींत बीजरूपानें सांठविलेली आहे.

खानदेशांत हें यंत्रयुग आगगाडीबरोबर आलें. १८५३ च्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली. १८६५ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून वर आला. आणि १८७० च्या मार्च महिन्यांत जबलपुरास रूळ जुळून मुंबई व कलकत्ता हीं दोन शहरें जोडलीं गेलीं. ह्या मोठ्या मार्गाला भुसावळास फांटा फुटतो. एक वाट खांडव्यावरून जबलपुराकडे जाते, दुसरी नागपुराकडे. साहजिकच भुसावळ हें एंजिनांचें, फिटरांचें व ड्रायव्हरांचें गांव बनलें.

वाफेच्या एंजिनांत गतीची वाट उघडी असते. दट्ट्या मागेंपुढें धांवतो, त्याला जोडलेला लोखंडी दांडा चाकाला फेरा देतो, आणि आडवे जोडदांडे तो फेरा बाकीच्या चाकांना वांटून देतात. सारें कांहीं बाहेरून दिसतें. म्हणूनच जुन्या फिटराला दोष शोधणें हें बहुतांशीं पाहण्याचें आणि ऐकण्याचें काम होतें. दांड्याच्या टोकाला पितळी खोबण असते; ती झिजली कीं प्रत्येक फेऱ्यास धक्का बसतो व ठोक्याचा आवाज येऊं लागतो. तो ठोका दट्ट्या टोकाला पोहोंचतांना येतो कीं मधल्या वाटेंत, एका बाजूस येतो कीं दोन्ही, ह्यावरून कोणती जागा झिजली हें ओळखावयाचें.

परंतु आगगाडीनें खानदेशाला दिलेली याहून मोठी देणगी म्हणजे कापसाचा धंदा. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारांत कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशची काळी जमीन कापसाचीच. पुढें सरकी काढण्याचे वाफेचे कारखाने, ज्यांना आपण सरसकट ‘जिन’ म्हणतों, जळगांव, धुळें, भुसावळ ह्या बाजूला उभे राहिले, आणि हंगामांत त्यांचीं धुराडीं रात्रंदिवस धूर ओकूं लागलीं.

जुन्या हातरेच्यावर बाई एका हातानें दांडा फिरवी आणि दुसऱ्या हातानें कापूस भरवी; शक्ति तिचीच, काम तिचेंच, आणि मध्यें फक्त दोन लाटा. यांत्रिक रेचा हा अमेरिकेंतील मॅकार्थी नांवाच्या गृहस्थानें १८४० सालीं पेटंट घेतलेल्या यंत्राच्या वंशांतला. त्यांत चामड्यानें मढविलेली एक लाट कापसाचे तंतू ओढून घेते. तिला चिकटून बसविलेली एक स्थिर सुरी सरकीला आंत जाऊं देत नाहीं. आणि दुसरी हालती सुरी सरकीला टोले देऊन ती तंतूंपासून सोडविते. रुई एका बाजूस पडते, सरकी दुसऱ्या बाजूस. हें यंत्र फार शक्ति खात नाहीं. पण अशीं अनेक यंत्रें एका रांगेत मांडावयाचीं आणि त्या सर्वांना एकाच एंजिनानें चालवावयाचें, हा खरा प्रश्न होता.

त्यावर त्या काळानें काढलेला तोडगा जगभर एकच होता. एंजिनाच्या मोठ्या चाकावरून रुंद पट्टा घेऊन एक लांबलचक लोखंडी शाफ्ट फिरवावयाचा. हा शाफ्ट यंत्रांच्या रांगेच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाई. त्यावर ठिकठिकाणीं पुल्या बसविलेल्या असत आणि प्रत्येक पुलीवरून एकेक चामडी पट्टा त्या त्या यंत्राकडे जाई. यंत्राच्या बाजूला शेजारीं शेजारीं दोन पुल्या. एक आंसाला पक्की बसविलेली, दुसरी आंसावर सैल फिरणारी. पट्टा पक्क्या पुलीवर सरकविला कीं यंत्र चाले. सैल पुलीवर सरकविला कीं पट्टा फिरत राही आणि यंत्र थांबे. एका एंजिनाची शक्ति अशा रीतीनें, पाटाचें पाणी वाफ्यावाफ्यांत सोडावें तशी, यंत्रायंत्रांत सोडली जाई.

आतां दोषांकडे वळूं. समजा, सगळें जिन चालू आहे आणि रांगेतील एकच यंत्र मंद पडलें आहे. अननुभवी मनुष्य लागलींच तें यंत्र खोलावयास बसतो. अनुभवी मिस्त्री आधीं शेजारचीं यंत्रें पाहतो. तीं नीट चालत असतील तर एंजिन निर्दोष, मुख्य पट्टा निर्दोष, शाफ्टहि निर्दोष. एका नजरेंत निम्मी वाट तपासून झाली. सगळीं यंत्रें मंद असतील तर दोष वरच्या अंगाला. शाफ्टच्या एका टोंकाचीं चालत आहेत आणि दुसऱ्या टोंकाचीं बंद पडलीं आहेत, तर मधला एखादा सांधा सुटला असला पाहिजे. वाटेचे दोन भाग करावयाचे, कोणत्या भागांत गति आहे तें पाहावयाचें, आणि उरलेल्या भागाचे पुन्हां दोन भाग करावयाचे. तर्कशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, तर तेलकट हातांनीं हें शास्त्र ह्या लोकांनीं संपादन केलें होतें.

दोषाची जागा सांपडली म्हणजे त्याचें कारण. पुली आणि शाफ्ट यांच्यामध्यें गाळ्यांत बसविलेली एक लहानशी चावी असते. ती झिजली किंवा निसटली तर शाफ्ट फिरतो आणि पुली जागच्या जागीं राहते. बाहेरून पाहणाराला हें चटकन् कळत नाहीं. म्हणून मिस्त्री यंत्र थांबवून शाफ्ट व पुली यांवर खडूची एक सरळ रेघ ओढतो, आणि पुन्हां चालवून थांबविल्यावर ती रेघ तुटली आहे कीं काय तें पाहतो. ह्याहून स्वस्त उपकरण जगांत दुसरें नसेल.

पट्टा एका बाजूला उतरत असेल तर बहुधा दोन शाफ्ट समांतर नसतात. येथें एक गमतीची गोष्ट आहे. पट्टा पुलीच्या उतरत्या भागाकडे जाईल असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत तो उंच भागाकडे चढतो. म्हणून पुलीचा मध्यभाग मुद्दाम किंचित् फुगीर करितात, म्हणजे पट्टा आपण होऊन मध्यावर राहतो.

सर्वांत नेहमींचा दोष म्हणजे घसरण. तिचें मापहि काढतां येतें. शाफ्ट मिनिटास १५० फेरे घेत आहे, त्यावरील पुली ३० इंचांची आणि यंत्रावरील १५ इंचांची, तर यंत्रानें ३०० फेरे घ्यावयास पाहिजेत. मोजल्यावर ते २७० भरले, तर शेंकडा १० फेरे पट्ट्यानें वाटेंत खाल्ले. चामडें ताणलें गेलें असेल, त्यावर तेल सांडलें असेल, किंवा यंत्रावरच अवाजवी भार पडला असेल. घाईच्या वेळीं पट्ट्यावर राळ टाकण्याचा प्रघात होता. तेवढ्यापुरता पट्टा धरी. पण थोड्याच वेळांत राळेचा थर तकाकी धरून घसरण अधिकच वाढे. दुसरा चुकीचा उपाय पट्टा फार ताणण्याचा. ताणलेला पट्टा घसरत नाहीं, परंतु शाफ्टला एका बाजूस ओढून धरतो, त्याची खोबण तापते, आणि एका दोषाच्या जागीं दुसरा मोठा दोष उभा राहतो. जिनांत तर चोहोंकडे रुईचा भुसभुशीत पसारा. तापलेल्या खोबणीवर उडून बसलेला तंतू पेटावयास वेळ लागत नाहीं. कारण न शोधतां लक्षण दाबून टाकणाऱ्याला यंत्र अशी शिक्षा करतें.

येथपर्यंत मी यंत्राविषयीं बोललों. पण गतीच्या ह्या वाटेवर माणसेंहि उभीं होतीं, आणि त्यांची हकीकत सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं.

जिनांतील कामकरी बहुतेक स्त्रिया होत्या. १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली, आणि धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कठडा घालण्यास सांगितलें. परंतु हा कायदा शंभर किंवा अधिक माणसें असणाऱ्या आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामापुरते चालणारे जिन अर्थातच ह्या चाळणींतून निसटले. १८८४-८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या आयोगापुढें खानदेशांतील जिनांची जी हकीकत आली ती वाचतांना आजहि मन सुन्न होतें. पहांटे पांचाच्या सुमारास सुरू झालेलें काम रात्रीं दहापर्यंत चाले. ऐन हंगामांत तर त्याच बाया दिवसामागून रात्र उभ्या असत. त्याच काळांत, १८८४ सालीं, मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी केली होती. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली; पण हंगामी कारखान्यांवर कायद्याचा हात पोहोंचावयास १९११ साल उजाडावें लागलें.

ह्या तासांचा आणि पट्ट्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, चालत्या शाफ्टजवळ झोपेनें जड झालेली बाई उभी होती. शाफ्ट गुळगुळीत आणि एकाच लयीनें फिरणारा, त्यामुळें तो फिरत आहे हेंहि कधीं कधीं नजरेला उमगत नाहीं. पदराचें टोंक त्याला लागलें तर तें गुंडाळलें जातें, आणि शाफ्ट थांबत नाहीं. पट्टा घसरला तर यंत्र वांचतें. घसरणें ही एका अर्थीं पट्ट्याची दयाच आहे. यंत्रांत कांहीं अडकलें कीं तो घसरतो आणि दांते मोडत नाहींत. परंतु ही दया लोखंडापुरतीच आहे; माणसाच्या हातापुढें पट्टा घसरण्याइतका विरोध त्याला होतच नाहीं.

सर्वांत फसवा दोष सैल पुलीचा. तिच्या आंत तेल घालावयाचें राहिलें तर ती तापून आंसाला धरून बसते. मग थांबलेलें यंत्र कोणी न चालवितां आपोआप चालूं लागतें. सुरींत अडकलेला कापूस काढण्यासाठीं त्याच क्षणीं कोणाचा हात आंत असेल, तर पुढें काय होईल तें सांगण्याची गरज नाहीं. एका तेलाच्या थेंबाचा आळस, आणि त्याचें मोल देणारा हात भलत्याचाच.

१९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्यांतील कलमें ह्या दृष्टीनें वाचण्यासारखीं आहेत. चालत्या यंत्राची तपासणी करावयाची, तेल घालावयाचें किंवा पट्टा बसवावयाचा, तर तें काम खास शिकविलेल्या प्रौढ पुरुषानेंच करावें. त्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत. त्याचें नांव वहींत नोंदलेलें असावें. पक्क्या व सैल पुलीवर पट्टा सरकविण्यासाठीं यांत्रिक दांडा असावा. काढून ठेविलेला पट्टा चालत्या शाफ्टवर लोंबकळत राहूं नये. प्रत्येक दालनांत शक्ति तोडण्याची सोय हाताशीं असावी. वरवर कोरडीं वाटणारीं हीं वाक्यें आहेत. परंतु ‘घट्ट कपडे’ ह्या दोन शब्दांच्या मागें किती सैल पदर आणि बाह्या असतील, आणि ‘लोंबकळणारा पट्टा’ ह्या शब्दांमागें किती हात असतील, ह्याचा विचार केला म्हणजे कायद्याचें पुस्तकहि इतिहासाचें साधन होतें.

विजेनें हें चित्र पालटलें. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळूं लागली तसतसें लांब शाफ्टांचें राज्य संपत गेलें. आगगाडीच्या बाबतींत हा पालट आपल्याच प्रांतांत प्रथम झाला. १९२५ च्या फेब्रुवारींत मुंबईस विजेची पहिली गाडी धांवली, आणि पुढील पांच-सहा वर्षांत पुणें व इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा पोहोंचल्या. घाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ; त्यासाठीं १९२८ पासून मालगाड्यांचीं जीं एंजिनें आणलीं त्यांत मोटरची गति दांतेरी चाकांतून एका मधल्या आंसाला आणि तेथून बाहेरच्या दांड्यांनीं सर्व चाकांना दिलेली होती. म्हणजे अंतःकरण विजेचें, पण हातपाय वाफेच्या एंजिनाचे! त्यांच्या ह्या दांड्यांच्या विचित्र चालीमुळें आणि आवाजामुळें कामगारांनीं त्यांना ‘खेकडा’ हें नांव दिलें. ह्या खेकड्यांनीं पुष्कळ वर्षें घाटांत सेवा केली. त्यांतला एक दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत जतन केलेला आहे.

भुसावळास वीज आली ती १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि पुढें विजेच्या एंजिनांची शेड व दुरुस्तीचा कारखाना हीं तेथें झालीं. आतां बाहेरचे दांडे गेले. प्रत्येक आंसाशेजारीं एक मोटर, तिच्या टोंकाला एक लहान दांतेरी चाक, आणि आंसावर एक मोठें. दोन्ही एका बंद पेटींत तेलांत बुडालेलीं. गतीची वाट हातभर झाली, परंतु ती डोळ्याआड गेली. आणि फिटराचे कान पुन्हां महत्त्वाला चढले.

ह्या मार्गावर ज्यांनीं पुष्कळ वर्षें गाड्या ओढल्या त्या डब्ल्यूएएम-४ जातीच्या एंजिनांत लहान चाकाला १५ दांते आणि मोठ्याला ६२ दांते असत. १५ आणि ६२ यांना समान भाजक नाहीं, ह्यांत एक युक्ति आहे. त्यामुळें एक दांत दर फेऱ्यास त्याच त्या दांताला भेटत नाहीं. पाळीपाळीनें सर्वांना भेटतो, आणि झीज सर्वांत सारखी वांटली जाते. आतां दोष कसा ओळखावयाचा? गाडी तासाला ६० किलोमीटर चालली असतां चाक सेकंदास सुमारें ५ फेरे घेतें, आणि मोटर सुमारें २०. ठोका सेकंदास पांचदां येत असेल तर मोठ्या चाकाचा दांत दुखावला आहे. वीसदां येत असेल, म्हणजे ठोक्याऐवजीं गुरगुर ऐकूं येत असेल, तर लहान चाकाकडे पाहावें. पेटी न उघडतां आंतला रोगी ओळखण्याची ही नाडीपरीक्षा होय.

हें लहान चाक तापवून मोटरच्या निमुळत्या आंसावर चढवितात. थंड झाल्यावर तें आवळून बसतें. तेथें पकड सुटली तर मोटर भरधांव फिरते आणि चाक मात्र ओढ घेत नाहीं. जिनांतील निसटलेल्या चावीचाच हा नवा अवतार. ह्याच्या उलट धरून बसलेला आंस अधिक भयंकर. खोबण जळून मोटर अडकली तर चाक फिरण्याऐवजीं रुळावर घांसत जातें, त्याला सपाट चट्टा पडतो, आणि गाडी रुळावरून उतरण्याचा प्रसंग येतो. गति नाहींशी होणें हा दोष. पण नको तेथें गति अडणें हा धोका.

श्रोतेहो, हा विषय केवळ कारखान्यांतला राहिलेला नाहीं. अमेरिकेंत १९२६ सालीं मोटारघराचें दार विजेनें उघडण्याचें यंत्र निघालें, आणि आज आपल्या शहरांतहि बंगल्यांचीं फाटकें व दुकानांचे पडदे मोटरवर उघडतात. एके दिवशीं मोटर गुणगुणते आणि दार जागचें हालत नाहीं. तेथेंहि जुन्या मिस्त्रीचीच रीत चालते. आधीं वीज बंद करावी. मग दार खालीं मिटलेलें असतांनाच मोटर आणि दार यांचा सांधा सोडवावा. उघड्या दाराचा सांधा सोडल्यास तें अंगावर कोसळण्याचें भय असतें. नंतर दार हातानें उचलून पाहावें. तें जड लागलें तर दोष मोटरचा नव्हेच. दाराचें वजन तोलून धरणारी स्प्रिंग तुटली किंवा चाकें पन्हळींत अडकलीं आहेत. दार हलकें उचललें गेलें, तर वाट मधेंच तुटली आहे: सांखळी सैल पडली असेल, किंवा आंतल्या दांतेरी चाकाचे दांते झिजले असतील. हें चाक पुष्कळदां मुद्दाम मऊ पदार्थाचें करितात, म्हणजे मोठें नुकसान होण्याआधीं तें स्वतः झिजून जावें. चामडी पट्ट्याची दया अशी ह्या चाकांत उतरली आहे. परंतु चाक बदलण्यापूर्वीं तें कां झिजलें हें पाहिलें नाहीं, तर जड दार दुसऱ्या चाकाचेंहि तेंच करील. ताणलेल्या स्प्रिंगला मात्र घरच्या माणसानें हात लावूं नये. सांठविलेली शक्ति वीज बंद केल्यानें जात नाहीं.

त्या दारांखालीं मुलें सांपडून दगावलीं, तेव्हां अमेरिकेंत १९९३ पासून अडथळा लागतांच दार उलट फिरलें पाहिजे असा नियम आला. खानदेशांतील शाफ्टला कठडा आणि तिकडील दाराला हा नियम, दोन्हींचा जन्म एकाच रीतीनें झाला. आधीं गति आली, मग अपघात आले, आणि नियम सर्वांच्या मागून आला.

म्हणून ह्या इतिहासानें शिकविलेला क्रम ध्यानांत ठेवावा: प्रथम थांबवावें, मग शक्ति तोडावी, मग हातानें फिरवून पाहावें, आणि त्यानंतरच दोष कोठें आहे असा प्रश्न विचारावा. यंत्र लवकर चालू करण्याच्या घाईंत ज्यांनीं हा क्रम उलटा केला, त्यांच्या चुकीचें मोल बहुधा दुसऱ्याच कोणीतरी दिलें आहे. विहिरीच्या कांठावर बैल थांबवून नाड्याकडे पाहणारा तो शेतकरी आपणां सर्वांहून आधीं हें शिकला होता.